झिओलाइट यास, मु. पो. मांजऱ्या खडक

प्रिय झिओलाइट,

तुला पत्र लिहायचं तर पत्ता कुठला घालायचा, इथूनच अडचण. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तू पांढरी भुकटी होऊन बाटल्यांत आहेस. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात दिव्यांखाली आहेस. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले, तेव्हा निघालेले तुझे भाऊबंद थेट युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. आणि आमच्या जत तालुक्यात तू विहिरीच्या डबरात पडून आहेस, कुणी विचारत नाही. मी हाच पत्ता घातला आहे. मोठी झालेली माणसंसुद्धा गावच्या पत्त्यावर लवकर सापडतात.

इकडं विहीर खोलवायला काढली की काठावर यारी उभी राहते, सुरुंग उडतात आणि डबराचा ढीग वाढत जातो. आधी मुरूम, मग काळा पाषाण, आणि नशीब असेल तर मांजऱ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्यांचा हा खडक. पुढं त्या पोकळ्यांतून कोमट पाणी झिरपत राहिलं, खडकातलं सिलिका, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम विरघळवत गेलं, आणि तू तिथं स्फटिक होऊन बसलास. नुकताच फुटलेला एखादा धोंडा उचलून पाहावा. अंगठा जाईल एवढी पोकळी, भिंतीला हिरवट पातळ थर आणि त्यावर मळकट पांढऱ्या पात्यांच्या जुड्या, मधे आवळलेल्या, दोन्ही टोकांना फुललेल्या. हुबेहूब कडब्याच्या पेंड्या. हा तुझा स्टिलबाइट नावाचा अवतार. पोरं एखादा तुकडा खिशात घालतात, कुणी तुळशीच्या कट्ट्यात बसवतं, बाकी सगळी खडी. बहात्तरच्या दुष्काळात रोजगारासाठी हातोडा घेऊन खडी फोडायला बसलेल्या आमच्या आया-आज्यांनी तुझे किती स्फटिक चुरले असतील, त्याचा हिशोब ना सरकारदरबारी, ना भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात.

तुझी परीक्षा पहिल्यांदा घेतली ती स्वीडनच्या क्रॉनस्टेटनं, 1756 साली. फुंकनळीच्या ज्योतीत धरल्यावर तू फसफसलास, अंगातून वाफ सोडलीस. दगडाच्या पोटात पाणी असतं आणि ते गेलं तरी दगड दगडच राहतो, ही गोष्ट तेव्हा नवी होती. ज्या तालुक्यात पाण्यासाठी शंभर फूट खाली जाऊन कपाळाला हात लावावा लागतो, तिथल्या खडकाच्या अंगात पाणी भरलेलं आहे, यावर आमच्याकडचा माणूस काय बोलेल ते मी इथं लिहीत नाही.

पण पत्राचं कारण पाण्याचं नाही, धुराचं आहे.

विजयपूर-गुहागर महामार्ग जतमधून जातो. दिवसरात्र ट्रक. डिझेल इंजिनाच्या पोटात जो ताप होतो, त्यात हवेतलाच नायट्रोजन आणि हवेतलाच ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात. इंधन कितीही शुद्ध असो, हे व्हायचंच, कारण दोन्ही माल हवेतूनच येतो. या नायट्रोजन ऑक्साइडांना थोडक्यात नॉक्स म्हणतात. छातीला वाईट, हे झालंच. शिवाय उन्हात दुसऱ्या वायूंशी मिळून ते जमिनीलगत ओझोन तयार करतात, आणि ऊन आमच्याकडं कमी नाही. 1958 साली कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या पानांवर पडणाऱ्या बारीक गडद ठिपक्यांचं कारण शोधलं गेलं, ते ओझोन निघालं. आमच्या बागायतदाराला पानावर ठिपका दिसला की भुरी, डाउनी, करपा ही रोगांची नावं आठवतात आणि हात फवाऱ्याकडं जातो. हवेचं नाव कुणी घेत नाही.

1 एप्रिल 2020 पासून देशात वाहनांच्या धुरासाठी बीएस-सहा हे मानक आलं. अवजड वाहनांच्या नॉक्सची मर्यादा एका किलोवॉट-तासाला साडेतीन ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. त्याबरोबर ट्रकला डिझेलच्या टाकीशेजारी दुसरी एक छोटी टाकी लागली, निळ्या झाकणाची. कागदावर तिला डीईएफ म्हणतात, ड्रायव्हर म्हणतात ‘युरिया’. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. हे द्रावण गरम धुरात फवारलं की त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया नॉक्सला गाठून त्याचा पुन्हा साधा नायट्रोजन करतो. ही गाठ जिथं पडते ती जागा म्हणजे तू. सगळ्या ट्रकांत नाही, काहींत व्हॅनेडियमही असतं. पण अनेक ट्रकांच्या सायलेन्सरआधीच्या डब्यात तांबं घातलेला झिओलाइट बसवलेला असतो, आणि त्याची घडण तुझ्या चाबाझाइट नावाच्या भावाची. चाबाझाइट आपल्या दख्खनच्या खडकातही सापडतो. म्हणजे रस्त्याकडेच्या डबरात एक भाऊ आणि त्यावरून धूळ उडवत जाणाऱ्या ट्रकमध्ये दुसरा. ओळखपाळख नाही.

आता गंमत बघ. हा युरिया येतो कुठून? नैसर्गिक वायू पाइपातून अलिबागजवळ थळला जातो, तिथं आरसीएफच्या खत कारखान्यात त्या मिथेनपासून हायड्रोजन काढायचा, हायड्रोजनपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. तो पोत्यात भरायचा. मग तशाच युरियाचं पाण्यात द्रावण करून ट्रकमध्ये भरायचं आणि धुरात त्याचा परत अमोनिया करायचा. मिथेनपासून निघून नॉक्सपर्यंत पोचायला एवढा द्राविडी प्राणायाम! मिथेनच थेट नॉक्सवर सोडला तर? कागदावर समीकरण चोख जुळतं: मिथेनचा एक रेणू, नॉक्समधल्या नायट्रिक ऑक्साइडचे दोन, ऑक्सिजनचा एक, हाती नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. नासणारं द्रावण नको, निळी टाकी नको, ‘युरिया संपला’ म्हणून घाटात पिकअप सोडणारी गाडी नको, आणि गॅरेजवाल्याला चार पैसे देऊन युरियाची यंत्रणा गुपचूप बंद करून घेण्याचा धंदाही नको. तो धंदा चालतो. कुठं, कोण, ते सांगत नाही.

मिथेनला तर आमच्याकडं तोटा नाही. माडग्याळच्या मेंढ्या ढेकरेतून सोडतात तो वाऱ्यावर जातो, तो धरता येत नाही. पण शेणातून, मळीतून, कारखान्याच्या प्रेसमडमधून तो टाकीत धरता येतो. 2018 च्या ‘सतत’ योजनेनंतर तर असा गॅस शुद्ध करून, दाबून विकण्याचीही भाषा सुरू झाली.

म्हणून तुला विचारायला बसलो. हे काम तू करतोस असं जगानं पाहून तीस वर्षं उलटली. मग घोडं अडलं कुठं?

तुझी बाजू आधी मांडतो, म्हणजे मी एकांगी लिहितो असं तू म्हणायला नको. तुझा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा. मधेमधे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं आणि तिथं एक ऋण भार उधारीवर राहतो. ती उधारी फेडायला सोडियम-कॅल्शियम येऊन बसतात, पण घट्ट नाही. दुसऱ्या धातूच्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की ते उठतात आणि तांबं, कोबाल्ट, पॅलेडियम त्यांच्या जागी बसतं. एकेक अणू सुटा, आपापल्या जागी. धातूचा गोळा करून ठेवला तर आतल्या अणूंना कामच मिळत नाही. तुझ्या अंगात प्रत्येक अणू वायूच्या वाटेवर बसलेला असतो. वाटाही मोजक्या मापाच्या. झेडएसएम-5 नावाच्या तुझ्या मानवनिर्मित भावाच्या नळ्या साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमच्या, चाबाझाइटच्या खिडक्या तीन दशांश आठच्या. मिथेनचा रेणू बरोबर तीन दशांश आठचा. शिरतो, पण अंग चोरून.

जपानच्या मासाकाझू इवामोतोंनी 1986 च्या सुमारास दाखवलं की तांबं घातलेला झेडएसएम-5 नायट्रिक ऑक्साइड फोडतो. 1990 साली फोक्सवागनच्या हेल्ड आणि सहकाऱ्यांनी तांब्याचाच झिओलाइट घेऊन, ऑक्सिजन भरपूर असलेल्या धुरातही हायड्रोकार्बनच्या मदतीनं नॉक्स कमी करता येतो, हे मांडलं. पंचवीस वर्षांनी, 2015 साली, त्याच कंपनीनं डिझेल गाड्यांत नॉक्सच्या चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर घातल्याचं उघड झालं. विद्या एका मजल्यावर आणि व्यवहार दुसऱ्या मजल्यावर असला की असं होतं. तुझा त्यात दोष नाही.

मिथेनपाशी मात्र तांब्यानं हात टेकले. भरपूर ऑक्सिजनसमोर तांब्यावरचा मिथेन नॉक्सकडं बघतच नाही, सरळ ऑक्सिजनशी जळून मोकळा होतो. 1992 साली अमेरिकेतल्या एअर प्रॉडक्ट्स कंपनीच्या ली आणि आर्मर यांनी तांबं काढून कोबाल्ट घातला, आणि काम झालं. ऑक्सिजन जास्त असूनही मिथेननं नॉक्स उचलला. त्या आधी मिथेन हा या कामाला नालायक गडी समजला जाई. कोबाल्टच्या अणूपाशी नायट्रिक ऑक्साइडाचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तो मिथेनशी भिडतो, असा सर्वसाधारण कयास. एका धातूच्या जागी दुसरा बसवला आणि तोच मिथेन, तोच सांगाडा वेगळं वागायला लागला. पुढं जपानमध्ये पॅलेडियम आला, इंडियम आला. कागदांवर कागद निघाले.

इथं तुझ्यावरची माझी पहिली तक्रार. खरं तर तुझ्यावर नाही, तुला हाताळणाऱ्यांवर. त्या कागदांतले बरेचसे सुंदर आलेख कोरड्या वायूवरचे. बाटलीतून मोजून सोडलेला नायट्रिक ऑक्साइड, मोजून मिथेन, मोजून ऑक्सिजन, बाकी हेलियम. पाणी नाही, गंधक नाही, काजळी नाही. खरा धूर असा असतो का? इंधन जळलं की वाफ होणारच. धुरात ती दहा टक्क्यांच्या आसपास असते. आणि पाणी ही तुझी जुनी खोड. क्रॉनस्टेटच्या ज्योतीत जे सोडलंस ते परत घ्यायला तू टपलेला असतोस. वाफ आली की कोबाल्टच्या जागा पाण्यानं अडतात, मिथेन बाहेर ताटकळतो. वर तापही जास्त असला तर वाफ तुझ्या सांगाड्यातलं ॲल्युमिनियमच उपटून काढते. मग धातूला बसायला जागाही उरत नाही. पाण्याची चाचणी काही शोधनिबंधांत आहे, नाही असं नाही; पण ती शेवटच्या परिच्छेदात, अंग चोरून.

दुसरी अडचण मिथेनची स्वतःची. कार्बनला चारही बाजूंनी हायड्रोजन, आणि त्यातला एक सोडवायचा तर मोलमागं चारशे चाळीसच्या घरात किलोज्यूल मोजायचे. हा गडी चारशे-पाचशे अंशांशिवाय हलत नाही. डिझेल ट्रकचा धूर बहुतेक वेळ दोनशे ते चारशे अंशांत असतो. चौकात थांबला की आणखी खाली. अमोनिया मात्र दोनशेलाच कामाला लागतो. म्हणून ट्रकांत अमोनिया जिंकला, आणि मला वाटतं योग्यच जिंकला. द्राविडी प्राणायाम म्हणून वर मी चेष्टा केली खरी, पण त्या लांबच्या वाटेवर मिथेन मोडण्याचं अवघड काम थळच्या कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. ट्रकला ते रस्त्यात करावं लागत नाही.

तापाची ही अडचण विहिरीतल्या तुझ्या रूपाला तर फारच लागू. हौसेनं कुणी म्हणेल, आपल्याच डबरातला स्टिलबाइट कुटून कोबाल्टच्या पाण्यात टाकू आणि स्वदेशी उत्प्रेरक करू. होणार नाही. स्टिलबाइटचा सांगाडा मिथेनला लागणाऱ्या तापातच ढासळतो. त्यात ॲल्युमिनियम जास्त, कॅल्शियम चिकट, आणि खडकातली घाण वेगळी. या कामाला सिलिकानं श्रीमंत, घडवून घेतलेला झिओलाइटच लागतो. तो घडवता येतो, आणि आपल्याकडं घडवला जातो, हेही तितकंच खरं.

पुण्याच्या प्रयोगशाळेचं नाव वर घेतलं ते उगाच नाही. 1980 च्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं ‘एन्सिलाइट’ नावाचे झिओलाइट उत्प्रेरक घडवले आणि त्यातला एक वडोदऱ्याच्या आयपीसीएल कारखान्यात झायलीनच्या कामाला लावला. परदेशी उत्प्रेरक आणायचा आणि त्यांच्या अटी पाळायच्या, हीच रीत असलेल्या काळात हे झालं. त्याच प्रयोगशाळेतल्या व्ही. आर. चौधरी, किणगे आणि टी. व्ही. चौधरी यांचा निबंध 1997 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गॅलियम असलेल्या झिओलाइटवर मिथेन पुष्कळच कमी तापात जागा होतो, सोबतीला अल्कीनसारखा दुसरा हायड्रोकार्बन दिला तर. विषय नॉक्सचा नव्हता, मिथेनपासून बेंझीनच्या कुळातली रसायनं करण्याचा होता. पण मिथेन हा हट्टी रेणू, धातू घातलेला तू आणि पुण्याची माणसं, या तिघांची गाठ तिथं पडली होती. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं तर औष्णिक केंद्रांच्या उडत्या राखेतून झिओलाइट काढून दाखवला. राखेतही सिलिका आणि ॲल्युमिनियम असतंच. तेव्हा माणसं नाहीत, माल नाही, अशी सबब चालणार नाही.

मग तुझी जागा कुठं? माझं मत सांगतो, पटलं तर बघ. ट्रकचा नाद सोड. तुझं मिथेनचं काम गॅसच्या इंजिनापाशी आहे, त्यातही जागेवर बसवलेल्या जनरेटरपाशी. एक तर इंधनच मिथेन, म्हणजे वेगळी टाकी, वेगळा पुरवठा नको. दुसरं, जास्त हवेवर चालणाऱ्या गॅस इंजिनातून थोडा मिथेन न जळताच धुरात येतो. हा निसटलेला मिथेन ही आज मोठी डोकेदुखी. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-तीस पट हवा तापवतो. म्हणजे त्या एकाच नळीत नॉक्सही आहे आणि त्याला मारणारा मिथेनही, दोघेही नको असलेले. त्यांची गाठ घालून द्यायची एवढंच काम. आणि तिसरं, या इंजिनांचा धूर चारशे-पाचशे अंशांचा असतो, बरोबर कोबाल्टला लागतो तेवढा. ट्रकमध्ये जे सगळं तुझ्या विरुद्ध होतं, त्यातलं निम्मं इथं तुझ्या बाजूनं येतं.

राहिलं गंधक. ट्रकच्या डिझेलमध्ये ते आता दहा लाखांत दहा भाग उरलंय. बायोगॅसची गोष्ट वेगळी. आसवनीच्या सांडपाण्यातून, म्हणजे स्पेंटवॉशमधून निघणाऱ्या गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो थोडाथोडका नसतो. तो आधी धुऊन काढल्याशिवाय इंजिनही टिकत नाही आणि तूही. पॅलेडियम तर गंधकासमोर चटकन मान टाकतो. कोबाल्ट काहीसा चिवट, पण त्याच्यावर आता बॅटरीवाल्यांचाही डोळा आहे, भाव त्यांच्या हातात.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. सांगली-साताऱ्यात इतके साखर कारखाने, इतक्या आसवन्या. त्यातल्या एखाद्या गॅस जनरेटरच्या नळकांड्यात कोबाल्टवाला तू, पॅलेडियमवाला तू आणि दोन्ही मिसळलेला तू, असे तीन ठोकळे बसवावेत. कोरडा वायू नको, हेलियम नको. गाळप सुरू होतं तेव्हा बसवायचे, बॉयलर थंड झाला की काढायचे. मधे गॅस धुण्याची टाकी बिघडेल, मिथेन कमीजास्त होईल, रात्रपाळीचा माणूस व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला जाईल, ते सगळं होऊ द्यायचं. सुरुवातीला नॉक्स किती, शेवटी किती, मिथेन किती निसटला, ॲल्युमिनियम किती उपटलं गेलं, एवढे आकडे लिहून काढायचे आणि फसलं असेल तर फसलं म्हणून छापायचे. प्रयोगशाळेच्या नळीत तू पास होतोस हे आम्हाला माहीत आहे. आमच्या कारखान्याच्या धुरात दुसऱ्या महिन्यात तुझं काय होतं, ते हवंय.

उत्तर तू देणार नाहीस. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या, पाषाण रस्त्यावरच्या तुझ्या माणसांपैकी कुणी वाचलं तर त्यांनी द्यावं. यायचंच झालं तर डिसेंबरात या. तेव्हा गाळप जोरात असतं, मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्राही भरते, आणि विहिरी अजून कोरड्या पडलेल्या नसतात.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
जत तालुक्यातला एक विहीरवाला